सातेरीची उसनी माती

गंगाराम घाडी कुणाला कधी सरळ "हो" म्हणत नाही. लग्नाला येणार का विचारा, "बघूया" म्हणेल. चहा घेणार का विचारा, तरी "बघूया"च, आणि कप पुढे आला की मुकाट्याने पिऊन टाकेल. नव्या माणसाला वाटतं, काय हा खवचट म्हातारा! पण तळीवाडीत कुणी ते मनावर घेत नाही. या माणसाचं तोंड कुठल्या कामाला जुंपलेलं आहे, ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे, हे घाटावरच्या लोकांसाठी सांगून ठेवतो. देवीसमोर उभं राहून गावाच्या वतीने बोलायचं, ते गाऱ्हाणं. काय मागायचं ते मागायचं, काय द्यायचं ते कबूल करायचं, आणि प्रत्येक वाक्याला मागे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते एकदा म्हटलं की बोलणं एकट्या घाड्याचं उरत नाही, गावाचं होतं. दुसरा कुणी उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू शकतो, घाड्याला ती सोय नाही. गंगाराम तरणा होता तेव्हा बापाने त्याला एवढंच शिकवलं होतं, की देवीसमोर जे फेडता येणार नाही ते बोलू नये. तेव्हापासून भात, माडाची बाग, दारची दोन हापूसची कलमं आणि हे तोंड, एवढंच त्याने सांभाळलं.

तळीवाडी आचऱ्याहून आत, खाडीच्या वरच्या अंगाला आहे. देवळाच्या मागे राई आहे, सुरंगी, सातवीण, पिंपळ आणि हाताच्या मनगटाएवढ्या वेली यांची. भर दुपारी आत शिरलं तरी अंगावर गारवा येतो. राईच्या पोटात तळी आहे. वैशाखात गावच्या विहिरी तळ दाखवतात, पण तळीत ओंजळभर का होईना, पाणी असतंच. या राईतून वाळली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा नेम. आणि मातीचं तर नावच नको. सातेरी म्हणजे दुसरं काय, वारूळच. देवळात मूर्ती नाही, वारुळालाच साडी नेसवतात. माती नेणं म्हणजे आईच्या अंगाला हात लावणं.

आणि नेमकी माती मागायलाच ती मुलगी आली.

आकांक्षा तिचं नाव. पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करते, पण मूळची खारेपाटणची. त्यामुळे ओटीवर बसल्या बसल्या "काकानु, जरा पाणी गावात काय?" असं तिने मालवणीतच पाणी मागितलं आणि गंगारामाच्या बायकोने, सीताने, तिला घरचीच करून टाकली. वैशाख होता. सीताने सुरंगीचा वळेसर माळला होता. आकांक्षाने त्यातलं एक फूल मागून घेतलं आणि गंगारामाला म्हणाली, काका, वास घ्या. त्याने घेतला. मग तिने त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोटाला पिवळी पूड लागली.

त्या पुडीचीच सगळी गोष्ट, असं ती म्हणाली. हे परागकण. फूल सडतं, पान सडतं, पण या कणाचं कवच फार चिवट. उडून तळीत पडला आणि गाळात बसला की हजारो वर्षं तसाच राहतो. तळीत दरवर्षी थोडा थोडा गाळ साचतो, नवा वर आणि जुना खाली. पोकळ नळी सरळ खाली घातली की सगळे थर जसेच्या तसे वर येतात. मग कुठल्या थरात कुठल्या झाडांचे कण आहेत ते भिंगाखाली मोजायचं. राई कधीची, तिच्यात आधी काय होतं, मग काय आलं, हे कळतं.

गंगाराम ऐकत राहिला. मुंबईहून येणारी माणसं राईकडे बघून एकच विचारतात, लाकूड किती निघेल हो? राई कधीची, हा प्रश्न त्याच्या अर्ध्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याने बापाला विचारला होता तेव्हा बाप म्हणाला होता, "देवीन केल्यान," आणि विषय संपवला होता. त्याला ती मुलगी आवडली. मदत करावी असं फार वाटलं. तिथेच घोटाळा झाला.

देवीला विचारल्याशिवाय माती निघणार नव्हती. शंकर गुरवाने कौल लावला. कौल म्हणजे पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी पडली तर देवीचा होकार. पहिल्यांदा डावी पडली. आकांक्षाचा चेहरा एवढासा झाला. तिच्याबरोबरचे दोघेजण राईच्या तोंडाशी नळ्या आणि दोर मांडून बसले होते, त्यांनी आवरायला घेतलं.

तेव्हा गंगारामाला तळीच्या भांड्यांची आठवण झाली. तळीवाडीत पोराटोरांना ती गोष्ट ठाऊक आहे. पूर्वी घरात लग्न निघालं की तळीवर जाऊन गाऱ्हाणं घालायचं, आणि सकाळी तांब्याची भांडी पाण्यावर तरंगत यायची. कार्य झालं की घासून पुसून परत करायची. एका घराने एक पळी ठेवून घेतली. तेव्हापासून भांडी यायची थांबली. म्हणजे देवी देत नाही असं नाही, ती उसनं देते. गंगारामाने हात जोडले आणि त्याच जुन्या चालीवर गाऱ्हाणं घातलं. ही तुझी लेक खारेपाटणहून आलीय, शिकायला माती नेतेय, म्हाराजा. उसनी नेतेय. नेलेला कणानकण येत्या जत्रेपर्यंत तुझ्या तळीत परत पडेल, म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," मागचे म्हणाले. त्यांच्यात आकांक्षाही होती. नळीचं टोपण शोधता शोधता, लहानपणापासूनच्या सवयीने, तीही म्हणाली.

गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या. उजवी पडली. माती निघाली. काळी, गुळगुळीत, कुजक्या पानांचा वास येणारी. नळीत बंद होऊन ती पुण्याला गेली आणि गंगाराम पेरणीच्या कामाला लागला.

पाऊस झाला, चतुर्थी झाली, भात घरात आलं. दिवाळीचे पोहे खाऊन झाले तेव्हा गंगारामाने आकांक्षाला फोन लावला. दोघांनी इकडचं तिकडचं विचारलं. मग तो म्हणाला, "माती परत कदी हाडतंस गो बाय?"

तिकडून आवाज आला, "कसली माती, काका?"

हिला काहीच माहीत नव्हतं. बिचारीने मग खरं ते सांगितलं. नळी उभी चिरून दोन भाग केले. एक भाग थंड खोलीत जसाच्या तसा आहे. दुसऱ्याच्या चकत्या केल्या आणि आम्लात घातल्या, कारण माती विरघळल्याशिवाय परागकण सुटे होत नाहीत. अर्धी माती या जगात आता माती म्हणून उरलेलीच नव्हती.

गंगारामाने वैशाखात देवीला काय कबूल केलं होतं ते सांगितलं. चूक तुझी नाही बाय, बोललो मी, असंही म्हणाला.

"पण काका," ती म्हणाली, "व्हय म्हाराजा मी पण म्हटलंय. आयकूक नाय, पण म्हटलंय."

फोन ठेवून तो ओटीवर येऊन बसला आणि सीताला म्हणाला, यंदा जत्रेला मी गाऱ्हाणं घालणार नाही. ज्या तोंडाने खोटं बोललो त्याच तोंडाने गावासाठी काय मागू? शंकर गुरवाला सांगतो, दुसरा बघा. सीताने भांडी घासायची थांबवली नाही, पण तिचे हात सावकाश चालू लागले. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून घरातलं सगळं बदललं होतं, कौलं, चूल, बैल, सगळं. नवऱ्याचं गाऱ्हाणं तेवढं बदललं नव्हतं.

वाडीत गोष्ट लपते थोडीच! सुदेश मानकरी मुंबईची नोकरी संपवून नुकताच गावी राहायला आला होता. मानाचा नारळ त्याच्या घराण्याचा, आणि जीभ तिखट. तो पारावर बसून म्हणाला, घाड्यांचा शब्द पुण्याला जाऊन आम्लात विरघळला म्हणे. लोक हसले. गंगाराम समोरून गेला, खाली मान घालून. चेष्टेचं त्याला काही नव्हतं, चेष्टा त्यानेही आयुष्यभर पुष्कळ केली होती. पण संध्याकाळी देवळात दिवा लावायला गेला की वारुळाकडे बघायला त्याला लाज वाटायची. दिवा ठेवायचा आणि मागे न बघता निघायचा.

जत्रा तोंडावर आली आणि आकांक्षा येऊन हजर झाली. एका हातात कापडात गुंडाळलेली अर्धी नळी, दुसऱ्या खांद्याला लॅपटॉप. ही अर्धी नळी तिला अशी सहज मिळाली नव्हती. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, वेडी आहेस का, पुन्हा मोजायची वेळ आली तर काय मोजशील? दोघींचं चांगलं वाजलं. शेवटी बाई म्हणाल्या, आधी हिचे सगळे फोटो काढ, काय मोजता येईल ते मोज, सगळ्यांसाठी खुलं करून ठेव, आणि मग ने. शब्द दिलायस तर ने. आकांक्षा हे सांगताना हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. सगळ्यांनीच तिच्यावर एवढा विश्वास टाकावा, याचं तिला ओझं झालं होतं आणि बरंही वाटत होतं.

मग ओटीवर तिने लॅपटॉप उघडला आणि तळीने काय सांगितलं ते गंगारामाला आणि सीताला दाखवलं. अगदी तळाच्या थरात दाट रान. त्याच्या वर सुरंगी आहे, सातवीण आहे. मग एके ठिकाणी झाडांचे कण नाहीसेच होतात. तिथे कोळशाचे बारीक कण, राख, गवत आणि भातासारख्या पिकांचे पराग.

गंगारामाने चष्मा सारखा केला. "म्हणजे राय नाय?"

राई नव्हती, ती म्हणाली. कुणीतरी जाळली, शेती केली. पुष्कळ पिढ्या इथे उघडा माळ होता. मग वरच्या थरांत हळूहळू झाडं परत येतात. आधी उनाड झुडपं, मग वेली, आणि सगळ्यात शेवटी सुरंगी. तिने एक चित्र मोठं केलं. गोल, नाजूक, बारीक नक्षीचा एक कण. सीताच्या वळेसरातल्या फुलाचा थोरला पणजोबा समजा हवं तर, असं म्हणाली. सीताने केसांना हात लावला.

गंगाराम चित्राकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याला वाटत होतं की राई देवीने केली आणि आपण नुसते तिच्या सावलीत आलो. पण जळक्या माळावर राई आपोआप परत उभी राहत नाही. चहूकडे भात पिकत असताना कुणीतरी म्हणालं असेल, एवढा तुकडा सोडा. इथली काटकी न्यायची नाही. पोटाला लागत असताना सोडला असेल. आणि त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी तो नेम पाळला असेल. कोण होती ती माणसं? गाऱ्हाण्यात तो मूळपुरुषापासून गावच्या बारा-पाच मानकऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घ्यायचा. या माणसांचं नाव त्याच्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं.

त्याने विचारलं, हा कण सुरंगीचा, हे तुला कोणी सांगितलं? तिने सांगितलं, बरेचसे कण तिला ओळखताच येईनात. मग तिने जगभरच्या संशोधकांची साठवण उघडली. संगणकावर आहे, कुणीही बघावी. केरळातल्या दलदलीत, कारवारच्या खाडीत, आणखी कुठल्या कुठल्या देशांत लोकांनी अशाच नळ्या घातल्यात, आयुष्यभर भिंगाला डोळा लावून मोजलंय, आणि सगळं तिथे ठेवून दिलंय. त्यातले काही आता हयातही नाहीत. त्यांची चित्रं शेजारी ठेवून तिने तळीवाडीची माती वाचली. एका गावच्या मातीवरून एका गावाचं कळतं, शंभर गावांची माती शेजारी ठेवली की सगळ्या किनाऱ्याचं रान कसं हललं ते दिसतं.

"कोणी दिल्यानी तुका ह्या?"

"ज्यांका मी कदी बगूक पण नाय, तेंनी."

"आनी तू तेंका काय दिलंस?"

"तळीवाडीचा दिलंय, काका. आता कोणय बगूक शकता."

उसनवारीच की ही! शेजारणीने वाटी भरून विरजण न्यावं, तसं. कुणाच्या दुधाला कुणाचं विरजण, कोण हिशेब ठेवतो? पण गंगारामाचा मूळ काटा निघाला नव्हता. म्हणाला, ते सगळं बरं आहे बाय, पण मी कणानकण म्हणालो होतो.

सीता तांदूळ निवडता निवडता बोलली. "तुमी देवीक नैवेद्य दाखयतास तो परत खंय घालतास? अर्दो तिच्याम्होरं ठेवतास, अर्दो वाटतास. वाटलो तरच तो तिका पोचता."

यावर गंगाराम काय म्हणाला असेल? "बघूया" म्हणाला. पण गुरवाकडे जाऊन दुसरा घाडी बघा असं सांगायचं त्याने त्या दिवशी टाळलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळात गाव जमला. मुंबईकर आले होते. सुदेश मानाचा नारळ घेऊन पुढे उभा होता. आकांक्षा अर्धी नळी दोन्ही हातांत धरून खांबापाशी उभी होती. गंगाराम वारुळासमोर आला. आज आवाज फुटतो की नाही, अशी त्याला भीती होती. शंकर गुरवाने पाकळ्या लावल्या.

"आई सातेरी, म्हाराजा," गंगारामाने सुरुवात केली. "तुझी माती कणानकण परत करतंय म्हणान ह्या तोंडान सांगलंय. अर्दी हाडली आसा. अर्दी परत येवची नाय. ती वाटली. चूक माझी, गावाची न्हय. ती पोटात घाल, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, पण चाचरत. पाकळ्या हलल्या नाहीत. एखादी पडायला काय वेळ लागतो! पण दोन्ही तशाच चिकटून राहिल्या. कुणीतरी खोकलं. गंगाराम वाट बघत उभा राहिला, आणि वाट बघता बघता त्याच्या तोंडून गाऱ्हाण्यात कधी नव्हतं ते निघालं.

"म्हाराजा, ही राय एकदा जळलेली. ज्यांनी ती परत वाढाक दिल्यानी, आपल्या पोटाक चिमटो काढून तिका राखल्यानी, तेंची नावा आमका म्हायत नाय. तेंच्या सावलेत आमी बसलंव. आनी ज्यांनी आपल्या गावच्या मातयेतला आमच्या ह्या लेकीक दिल्यानी, काय मागूक नाय, तेंचीय नावा आमका म्हायत नाय. आज नाव न घेता आमी तेंका हात जोडतंव. खंयय आसले तरी तेंचा बरा कर, म्हाराजा."

नवीन वाक्य होतं, कुणाच्या कानांना सवय नव्हती. मग पुढून आवाज आला, मोठा, खणखणीत. "व्हय म्हाराजा!" तो सुदेशचा होता. नारळ छातीशी धरून तो वारुळाकडे बघत होता. त्याच्यामागून सगळं देऊळ बोललं. म्हातारीकोतारी बोलली, मुंबईची पोरं बोलली. गंगारामाला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

शंकर गुरव पुढे वाकला. "उजवो," तो म्हणाला.

लोक नारळ फोडायला आणि ओट्या भरायला वळले, नेहमीचा गलबला सुरू झाला. गंगाराम आणि आकांक्षा मागच्या दाराने राईत शिरले. तळी काठोकाठ भरली होती. पाण्यावर सातवणीची पानं तरंगत होती. तिने नळीवरचं कापड सोडलं, माती ओंजळीत घेतली आणि तिथेच थांबली.

तिने विचारलं, काका, वैशाखात घातलं होतं ते गाऱ्हाणं मला परत ऐकवाल? तेव्हा मी टोपण शोधत होते.

गंगारामाने तिच्याकडे बघितलं. मग पाण्याकडे तोंड करून हात जोडले आणि सगळं पहिल्यापासून म्हटलं, सावकाश. उसनी नेली म्हणून म्हटलं, आणि शेवटी आजचं, नावं ठाऊक नसलेल्यांचंही म्हटलं. मागे उत्तर द्यायला गाव नव्हता. आकांक्षा ओंजळ पुढे धरून एकेक शब्द ऐकत होती.

त्याचं म्हणून झालं तेव्हा तिने ओंजळ पाण्यात सोडली.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.